वडील गेले तेव्हाही एवढा रडलो नव्हतो

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेले, सत्तरीला टेकलेले गृहस्थ. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "मॅडम, मुलीनं बळंच पाठवलंय. घरातला कुत्रा गेला, तीन आठवडे झाले. पहाटे साडेपाचला जाग येते, मी उठून चपला घालतो आणि मग आठवतं. वडील गेले तेव्हाही एवढा रडलो नव्हतो. या वयात हे बरं दिसतं का?"

हा प्रश्न माझ्याकडे बरेचदा येतो. विचारणारा बहुधा दार लागेपर्यंत थांबतो.

कुत्रा खरं तर मुलीचा. ती नोकरीसाठी लांब गेली, हा काकांकडे राहिला. "कुत्र्यानं अंगणात राहावं, घरात नाही," हे काकांचं मत. पहिल्या रात्री त्याला गॅलरीत बांधला. नऊ वर्षांनी तो गेला तेव्हा त्याची जागा काकांच्या पायाशी होती, पलंगावर. हे त्यांनी गुन्हा कबूल करावा तसं सांगितलं.

वडिलांचा सल मोठा होता. मी विचारलं, शेवटच्या काही वर्षांत वडिलांची भेट कितीदा व्हायची? वर्षातून दोन-तीनदा. आणि कुत्रा? ते हसले. उठल्यापासून झोपेपर्यंत. मग मोडलेला दिवस जास्त टोचणारच. त्यावरून प्रेमाचा हिशेब कशाला मांडायचा? शिवाय वडील गेले तेव्हा माणसं भेटायला आली होती. कुत्रा गेल्यावर शेजारी म्हणाले, "दुसरा आणा की." समाज ज्याला दुःख म्हणून मोजतच नाही, अशा दुःखावर केनेथ डोका या अमेरिकी शोक-अभ्यासकांनी १९८९ मध्ये अख्खं पुस्तक काढलं. तेव्हा काका यात एकटे नाहीत.

"पण आमच्या वेळी असलं काही नव्हतं."

मी विचारलं, तुमच्या वेळी काय होतं?

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग अंगणातला एक तांबडा कुत्रा निघाला. काका तेव्हा नऊ वर्षांचे. वडिलांनी घरामागे खड्डा खणला, वर माती लोटली. हा पोरगा तिथेच बसून राहिला, तर वडील खेकसले, "कुत्र्यासाठी कसला रडतोस? शाळेत जा." आणि तो गेला.

सत्रात मी सहसा इतिहास सांगत बसत नाही. त्या दिवशी सांगितला. जर्मनीत ओबरकासेल इथे १९१४ मध्ये सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचं दफन सापडलं; एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्र्याचं पिल्लू. त्याच्या दातांवरून संशोधकांना वाटतं की ते डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गानं आजारी होतं आणि माणसांनी जपल्यामुळेच काही आठवडे तगलं. शिकारीला, राखणीला निरुपयोगी असं आजारी पिल्लू!

म्हणजे जीव लावणं नवं नाही. कुत्र्याला उंबऱ्याबाहेर ठेवण्याला कारणं होती. रेबीज झाला की माणूस जवळजवळ हमखास जातो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी कुत्रा चावलेल्या मुलाला रेबीजची लस दिली ती १८८५ मध्ये. कुत्र्यांना लस सर्रास मिळू लागली त्यानंतर कित्येक वर्षांनी. पोरांच्या घरात कुत्र्याला लांब ठेवणारा बाप निर्दयी असेलच असं नाही, घाबरलेलाही असेल. काका यावर पटकन म्हणाले, "ते खड्ड्याजवळ माझ्यापेक्षा जास्त वेळ उभे होते." हे त्यांना तिथेच, माझ्यासमोर आठवलं.

जेवण-झोप महिनोन्महिने विस्कटलेली राहिली, जगावंसंच वाटेना, तर डॉक्टरांना गाठायला हवं, आणि जगावंसं न वाटणं असेल तर एक दिवसही थांबू नये. काकांचं तसं नव्हतं. मी दोनच गोष्टी सांगितल्या: साडेपाचचं फिरणं सोडू नका आणि मुलीशी बोला.

तिसऱ्या भेटीत कळलं, मुलगीही फोन ठेवल्यावर रडायची. बाबांना आवडणार नाही म्हणून गप्प होती. आता दोघं त्याच्या खोड्या आठवतात. पट्टा अजून खुंटीला आहे. नवं पिल्लू आणायचं का, असं तिनं विचारलं, तर काका म्हणाले, "एवढ्यात नको. अजून त्याच्याच वेळेला उठतोय मी."