बंड्या, सुरमई आणि चहाचं पातेलं

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीत राहतो, वय ३२, नोकरी अकाउंट्सची. रात्री दहाला झोपतो, पाचला उठतो. घरात अंडंसुद्धा येत नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई मालवणच्या. नर्स आहेत, कायम रात्रपाळी. हसल्या की खालच्या मजल्यावर ऐकू जातं. वर्षभर आम्ही जिन्यात नुसती मान हलवायचो.

माझ्याकडे मांजराचं एक तिरंगी पिल्लू यायचं. मी त्याला बंड्या म्हणायचो, दूधभात घालायचो. एकदा त्याला जुलाब लागले आणि संध्याकाळी बेल वाजली. ''माझ्या सुरमईला काय खायला घालता हो तुम्ही?'' मांजर एकच, घरं दोन!

याला चार महिने झाले. दर रविवारी मी नाकाला रुमाल लावून मासळीबाजारात जातो, सुरमईसाठी दोन बांगडे आणतो. त्या उकडतात, काटे काढतात. मग त्यांच्याकडेच चहा होतो. माझ्या चहाचं पातेलं त्यांनी वेगळं ठेवलंय. मला त्या फार आवडतात, पण आमचं काहीच जुळत नाही. विचारू का? (सुरमई हल्ली रात्रभर विचित्र ओरडते. तेही सांगा.)
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी सुरमईचं सांगते, कारण ते थांबण्यासारखं नाही.

३० वर्षं मी जनावरांची डॉक्टर होते. तिरंगी मांजर म्हटलं की ती मादी, हे बघायच्या आधीच सांगता येतं. केशरी रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. केशरी आणि काळा एकत्र यायला दोन एक्स लागतात. तिरंगी बोका क्वचितच सापडतो. तेव्हा बंड्या हे नाव सोडा.

दूध सोडलंत ते बरं केलंत. आईचं दूध सुटलं की मांजराला गाईम्हशीचं दूध पचेनासं होतं. आणि मांजर शाकाहारावर जगत नाही. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसमासळीतूनच मिळतो. तो कमी पडला की डोळे जातात, हृदय कमजोर होतं. बांगड्याला मीठ, कांदा, लसूण लावू नका. नुसत्या मासळीवरही ठेवू नका, मांजराचं तयार खाणं जोडीला द्या.

ती ओरडते म्हणजे माजावर आली आहे. आता बोका भेटला तर नऊ आठवड्यांत पिल्लं. तिला दाराबाहेर जाऊ देऊ नका, आणि डॉक्टरांना विचारून नसबंदीच्या ऑपरेशनची तारीख घ्या.

आता तुमचं. दवाखान्याच्या टेबलाशी मी शेकडो जोडपी पाहिली. एकाच ताटात जेवणारी, एकाच गावची, आणि सुई दिसली की मांजर एकमेकांकडे ढकलणारी. त्यामुळे कोण काय खातं नि कधी झोपतं, यावरून मी काही ठरवत नाही. तुमच्या पत्रात मी थांबले ती पातेल्याशी. तुम्ही एका वाक्यात उरकलंत, पण रात्रपाळी करून आलेली बाई, जिच्या घरी रोज मासळी शिजते, ती एक भांडं बाजूला काढते, ते दुसऱ्या कशाला वापरत नाही, वेगळं घासते. हे कुणी मांजरासाठी करत नाही हो! आणि जन्मात अंडं न शिवलेला माणूस दर रविवारी कोळणीपुढे उभा राहतो, हे त्यांनाही दिसतंय.

तेव्हा विचारा. पण बांगड्यांची पिशवी हातात असताना नको, नाहीतर बोलणं पुन्हा सुरमईवर जाईल. एखाद्या संध्याकाळी, त्या ड्यूटीला निघायच्या तासभर आधी, रिकाम्या हाताने बेल वाजवा.

आणि ऑपरेशनला दोघं जा. पुढचे दहा-बारा दिवस तिला घरात ठेवावं लागतं, टाका चाटू द्यायचा नाही, कुणीतरी सतत जवळ हवं. दिवसा त्या घरी असतात, रात्री तुम्ही. टोपली कुणाच्या घरात ठेवायची, तेवढं मात्र तुम्हा दोघांना बसून ठरवावं लागेल.