मौनाची घाई करू नकोस

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी मेल दोनदा वाचली. 'शुद्ध असणं शब्दांत येतच नाही, मग वाचायचं कशाला?' असं विचारलंस आणि त्याच दमात उत्तरही देऊन टाकलंस. ज्ञानेश्वरांचा अमृतानुभव मराठी ग्रंथ संग्रहालयात परत केलास आणि आता रविवारी सकाळी उपवन तलावावर जाऊन तासभर गप्प बसतेस. बसणं उत्तमच. पण ग्रंथ परत करण्याचं जे कारण दिलंस ते मला पटलेलं नाही, म्हणून हा कागद-पेनाचा खटाटोप. (एवढं सगळं मोबाइलवर टाइप करणं मला जमायचं नाही. फोटो काढून पाठवते, अक्षर लावून घे.)

'शब्दांत येत नाही' हे अद्वैतवाले, म्हणजे मुळात एकच आहे, दुसरं काही नाही असं मानणारे, भावनेच्या भरात म्हणत नाहीत. गीतेच्या तेराव्या अध्यायात ब्रह्माला, म्हणजे तुझ्या त्या शुद्ध असण्याला, सत् ('आहे') म्हणत नाहीत आणि असत्‌ही म्हणत नाहीत, असं येतं. त्यावरच्या भाष्यात शंकराचार्यांनी सरळ हिशेब मांडलाय. शब्द वस्तूला चार वाटांनी धरतो: जाती, क्रिया, गुण आणि संबंध. तू रोज ऐरोलीला जायला उभी असतेस त्या फलाटावरच बघ. 'लोकल' म्हटलं की जाती आली, 'सुटतेय' ही क्रिया, 'रिकामी' हा गुण (सकाळच्या वेळी दुर्मीळ), 'वाशीची' हा संबंध. आता जिथे दुसरं काही नाहीच, तिथे जाती कुणात धरायची आणि संबंध कुणाशी जोडायचा? हालचाल नाही म्हणून क्रिया नाही, वेगळा दाखवावा असा गुण नाही. शब्दाला पकडायला जागाच उरत नाही. म्हणजे अडचण मराठीची नाही, संस्कृतची नाही आणि तुझ्या शब्दसंग्रहाची तर नाहीच नाही.

पण हे सगळं तुला कळलं ते कशानं? तैत्तिरीय उपनिषदात 'यतो वाचो निवर्तन्ते' म्हटलंय, वाणी तिथून माघारी फिरते. माघारी फिरायला आधी तिथवर जावं लागतं. तू निम्म्या वाटेवरून परतलीस आणि त्यालाच पोचणं म्हणतेयस.

बाष्कली आणि बाध्व यांची गोष्ट तू लिहिलीयस, तीही अर्धीच. बाष्कलीनं ब्रह्म काय ते विचारलं, बाध्व गप्प राहिला. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. इथवर सगळ्यांना आवडते. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात गोष्ट पुढे जाते: परत विचारल्यावर बाध्व म्हणतो, आम्ही सांगतोय, तुला कळत नाहीये, हा आत्मा उपशांत आहे. झालं, तोंड उघडावंच लागलं. नुसत्या गप्प बसण्याचा अर्थ समोरच्याला लागत नाही. ते ज्ञान आहे, रुसवा आहे की उत्तर माहीत नाही, हे बाहेरून कसं ओळखायचं?

आता ज्ञानेश्वरांकडे ये. अमृतानुभवाचं पाचवं प्रकरण सत्, चित् आणि आनंद या तीन पदांवर आहे. हे तीन शब्द ब्रह्माचं वर्णन करतात असं आपण धरून चालतो. ज्ञानेश्वर म्हणतात, विषाला विषपण नसतं. विष आपल्याला मारतं, स्वतःला नाही. तसं या तिन्ही शब्दांचं. 'सत्' म्हटलं ते असत् दूर सारायला, 'चित्' जडपण दूर सारायला, 'आनंद' दुःख दूर सारायला. जे सारायचं ते सारून झालं की शब्दाचं काम संपलं. त्याला 'मग ब्रह्म नेमकं आहे कसं ते सांग' म्हणून धरून ठेवायचं नाही. माझ्या मते सगळ्या वादाची चावी इथे आहे. प्रत्येक वाक्य काय दाखवतंय यापेक्षा ते काय पुसतंय, ते बघायला शिक.

सहाव्या प्रकरणात ते शब्दाची आधी मनापासून तारीफ करतात, अमूर्ताचा आरसा म्हणतात, आठवण करून देण्यात प्रसिद्ध म्हणतात. मग हळूच विचारतात की जो स्वतःला कधी विसरलाच नाही त्याला आठवण कसली करून देणार? आणि अविद्या, म्हणजे स्वतःविषयीचं अज्ञान, मुळात नसेलच तर शब्द नाहीशी काय करणार? शब्दाची इतकी प्रेमानं उचलबांगडी मी दुसरीकडे वाचलेली नाही.

आणि तुझ्यासाठी खरी गोष्ट दहाव्यात आहे. तिथे ते म्हणतात, 'माझी वैखरी (तोंडानं उच्चारलेली वाणी) मौनाचेंही मौन करी', पाण्यावर मगर रेखाटावी तसं हे बोलणं. नीट बघ, मौनाचंही मौन. बोलणं आणि न बोलणं ही जोडीच आहे. तू जोडीतलं एक टाकून दुसरं उचललंस, म्हणजे द्वैत जिथल्या तिथे. चांगदेवांनी कोरा कागद पाठवला तेव्हाही ज्ञानेश्वरांनी उलट कोरा कागद धाडला नाही. पासष्ट ओव्या लिहिल्या.

एक कडू बोलते. तुझा मामा गेल्यावर आई रडत होती तेव्हा तू तिला म्हणालीस, 'गेलं कोण? मुळात आलंच कोण होतं?' हे मला तिनंच सांगितलं. ते वाक्य परमार्थाच्या पातळीवरचं, आणि समोर व्यवहारात भाऊ गेलेली बाई. दोन पातळ्या अशा कालवल्या की अद्वैत निव्वळ उद्धटपणा होतो. नामदेवांचे समाधीचे अभंग काढून बघ. १२९६ साली ज्ञानेश्वर समाधीला बसले तेव्हा निवृत्तिनाथांचा बांध फुटला, असं त्यात आहे. ज्यांनी ज्ञानेश्वरांना अद्वैत दिलं तेच ते. त्यांना कुणी 'गेलं कोण' असं ऐकवलं नाही.

तर ग्रंथ परत घेऊन ये. पाचव्यापासून सुरू कर, दिवसाला दोन-तीन ओव्या, मोठ्यानं म्हणून. प्रत्येक ओवीसमोर ती काय पुसतेय ते एका ओळीत लिही, पण वहीत. संग्रहालयाच्या पुस्तकात पेन्सिल चालवलीस तर माझ्याशी गाठ आहे. अडेल तिथे खूण करून नौपाड्याला ये, संध्याकाळी मी घरीच असते. नवव्या प्रकरणाकडे मात्र इतक्यात वळू नकोस. तिथल्या ओव्या इतक्या गोड आहेत की अर्थ लागला नसतानाही लागल्यासारखा वाटतो.

तुझ्या,
बाई