'प्रतिकारक जीवाणू' म्हणावे का?

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात काम करणाऱ्या आरोग्यसेविका ताईंनी विचारले आहे की, "नायट्रिक ऑक्साइड वायू प्रतिकारक जीवाणूंची बायोफिल्म मारतो" हे वाक्य गावकऱ्यांसाठीच्या माहितीपत्रकात असेच ठेवावे का, आणि बायोफिल्मला मराठी शब्द कोणता.

ताई, या वाक्यात बायोफिल्मपेक्षा 'प्रतिकारक' आणि 'मारतो' हे शब्द अधिक घोटाळ्याचे आहेत. प्रतिकार हा शब्द गावात पोहोचला तो 'रोगप्रतिकारक शक्ती'मधून, आणि ती शक्ती माणसाची असते व ती वाढलेली बरी असते. मग 'प्रतिकारक जीवाणू' ऐकून कोणी ते उपकारक समजला, तर दोष त्याचा नव्हे. दुसरा गैरसमज अधिक खोल आहे. "आंगाले आता गोयी लागतच नाई" असे आपल्याकडचा रुग्ण म्हणतो, तेव्हा औषधाची सवय आपल्या अंगाला झाली असे त्याला वाटत असते, पण बदललेला असतो तो जीवाणू. शास्त्रीय लेखात 'प्रतिरोधी' चालेल. पत्रकात मात्र 'औषधाला दाद न देणारे जीवाणू' असे लिहावे, म्हणजे दाद कोण देत नाही याविषयी शंका राहत नाही.

बायोफिल्मसाठी 'जैवपटल' असा शब्द वापरात आहे, पण तो ऐकून डोळ्यांपुढे काहीच येत नाही. 'शेवाळ' तर नकोच, कारण ती निराळी वनस्पती आहे. 'जीवाणूंचा चिकट थर' पुरे. उदाहरण हवे असल्यास सकाळी जिभेला दातांवर जाणवणारे कीट द्यावे, कारण ती खरोखरीची बायोफिल्म आहे; मधुमेही रुग्णाच्या चिघळलेल्या पायावरचा पिवळट थर मात्र देऊ नये, कारण त्यात मुख्यतः मेलेल्या पेशी असतात आणि तेथील बायोफिल्म बहुधा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. हा थर जीवाणूच शर्करा, प्रथिने आणि डीएनए बाहेर टाकून बनवतात. आतले जीवाणू मंद वाढतात, आणि पुष्कळशी प्रतिजैविके वाढत्या जीवाणूंवरच चांगली चालत असल्यामुळे ते वाचतात. थराबाहेर पडलेला तोच जीवाणू त्याच औषधाने मरू शकतो. म्हणून थराच्या आधाराने टिकण्याला प्रतिरोध न म्हणता 'तग धरणे' म्हणावे.

आता 'मारतो'. 2006 साली स्यूडोमोनास एरुजिनोसा या जीवाणूवर प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, मारण्यास मुळीच पुरेशी नसलेली, नायट्रिक ऑक्साइडची अत्यल्प मात्रासुद्धा थर सुटण्यास पुरते. जीवाणूच्या आतील सायक्लिक-डाय-जीएमपी या निरोप्या रेणूचे प्रमाण तिने घटते, आणि एका जागी चिकटून राहण्याऐवजी जीवाणू मोकळे होऊन निघतात. मग प्रतिजैविक त्यांना गाठू शकते. येथे क्रियापद 'पांगवतो' हेच हवे, आणि ढोरे पांगणे रोजचे असलेल्या आपल्या भागात ते समजावून सांगावे लागणार नाही. मात्रा मोठी असली तर हाच वायू जीवाणूंची प्रथिने व डीएनए बिघडवून त्यांना मारतोही; आपल्या शरीरातील भक्षक पेशी आर्जिनिन या अमिनो आम्लापासून तो तयार करतात, त्याचा एक उपयोग हाच. मात्र शरीरात तो काही सेकंदच टिकतो, त्यामुळे तो हळूहळू सोडणारी मलमे आणि सूक्ष्म कण बनवण्यावर मोठा भर आहे. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेत बर्डाझायमर या अशा त्वचेवरील औषधाला मान्यता मिळाली, पण ती मोलस्कम या विषाणूजन्य रोगासाठी. तेव्हा 'उपचार निघाला' असे न लिहिता 'संशोधन चालू आहे' असे लिहावे, नाहीतर लोक तालुक्याच्या औषधदुकानात मलम मागायला जातील.

पत्रकातील वाक्य असे करता येईल : "नायट्रिक ऑक्साइड हा वायू थोड्या मात्रेत जीवाणूंचा चिकट थर पांगवतो, आणि मग औषधाला दाद न देणाऱ्या जखमेवर औषध लागू पडू शकते, असे संशोधनात दिसत आहे." छपाईपूर्वी 'नायट्रिक'चे 'नायट्रस' झालेले नाही ना, तेवढे पाहावे, नायट्रस ऑक्साइड हा भूल देताना वापरला जाणारा, हसवणारा वायू म्हणून ओळखला जाणारा, वेगळाच वायू आहे.