विचारा की! : बेळगावचं बंदर कुठलं?

मागच्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता लिहून गेलो की बेळगावचं खरं बंदर म्हणजे वेंगुर्ला. झालं. तेव्हापासून व्हॉट्सॅपवर प्रश्नच प्रश्न. काही वाचक चिडलेत पण, "बेळगावला बंदर कुठनं आलं हो?" म्हणून. त्यामुळं या खेपेला सगळा कॉलम वेंगुर्ल्याचाच. बाकीचे प्रश्न (कुंदा किती दिवस टिकतो वगैरे) पुढच्या अंकात.

आमच्या दारासमोरनं जाणाऱ्या रस्त्याला सगळे वेंगुर्ला रोड म्हणतात. पण आमच्याकडनं वेंगुर्ल्याला जातंय कोण? सगळे गोव्याला जातात. मग नाव वेंगुर्ल्याचं कसं काय पडलं?
*– एक वाचक, हिंडलगा*

अहो, तुमच्या दारातनं अर्धा इतिहास जातोय आणि तुम्ही विचारताय नाव कसं पडलं!

बघा, १८१२ साली सावंतवाडीकरांकडनं वेंगुर्ला इंग्रजांकडं गेलं आणि १८१८ ला त्यांनी बेळगावचा किल्ला घेतला, मग इथं कॅम्प बसला. आता कॅम्प म्हटल्यावर सोल्जर आले, साहेब आले, त्यांच्या मडमा आल्या, त्यांचं सामान आलं, आणि हे सगळं मुंबईहून आणायचं कसं, तर बोटीनं वेंगुर्ल्यापर्यंत आणि तिथनं घाट चढून बैलगाडीनं वर. जाताना त्याच वाटेनं घाटावरचा कापूस आणि धान्य खाली बंदरात. सुरवातीला वाट होती रामघाटाची, भयंकर उभी चढण. आपल्याकडं रामघाट रोड अजून आहे, नाव तिथनंच. मग १८६०च्या दशकात आंबोलीचा घाट नीट बांधला आणि गाड्या त्या बाजूनं जायला लागल्या. तोच तुमचा वेंगुर्ला रोड. हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची, शिनोळी, मग पाटणे फाटा, अडकूर, आंबोली, दाणोली, सावंतवाडी आणि शेवटी समुद्र. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास.

मग बंदर मेलं कसं? आगगाडीनं मारलं. १८८८ च्या सुमाराला कॅसलरॉकवरनं मुरगावपर्यंत रूळ झाले आणि १८९० पर्यंत बेळगाव पण रुळाला जोडलं गेलं, त्यामुळं माल सगळा मुरगावला वळला. घाटातनं बैल मारत कोण जाणार? वेंगुर्ल्याला फक्त मुंबईची बोट राहिली, आणि पुढं ती पण बंद झाली. म्हणजे आज आपण सगळे गोव्याला पळतोय ते काय नवीन नाही, सव्वाशे वर्षांपूर्वी आपला कापूस पण तिकडंच पळाला. (सावंतवाडी-बेळगाव रेल्वे होणार ही बातमी मी हाफ चड्डीत असल्यापासून वाचतोय. अजून वाचतोयच.)

वेंगुर्ल्यात डच वखार आहे म्हणे. बघण्यासारखी आहे काय? आणि डच तिथं कशाला आले होते?
*– कॉलेज विद्यार्थिनी, निपाणी*

पोर्तुगीजांच्या उरावर बसायला. १६३८ च्या सुमाराला डचांनी वेंगुर्ल्यात ठाणं केलं कारण त्यांना गोव्याची नाकेबंदी करायची होती, आणि गोव्यातल्या मांडवी नदीच्या तोंडावर महिनोन् महिने जहाजं उभी करायची म्हणजे खलाशांना पाणी, तांदूळ, मांस, भाजी जवळच्या कुठल्यातरी गावातनं पुरवायला पाहिजे. ते गाव हे. व्यापार होताच, पण आधी हे त्यांचं किराणा दुकान होतं म्हटलं तरी चालेल.

वखार सरकारी संरक्षित स्मारक आहे पण पडकी आहे, खरं सांगतो. जाड जाड भिंती, आत झाडं उगवलेली. इतिहासाची आवड असेल तर पंधरा मिनिटं उभी राहा, नाहीतर लांबनं फोटो काढ आणि पुढं चल. पावसात आत जाऊ नको, वेली आणि घसरण दोन्ही असतंय. त्यापेक्षा गावातनं पायी फिर. नगरपालिका १८७६ ची, दगडी मार्केट आहे, चिऱ्याची जुनी घरं आहेत, बंदराच्या टेकडीवर दीपस्तंभ आहे. हे सगळं एका सकाळीत होतंय.

आम्हाला मुलांना घेऊन समुद्र दाखवायचाय. कधी जावं? मे महिन्यात फार उकडतंय म्हणतात, पावसात समुद्र डेंजर म्हणतात, मग जायचं कधी?
*– एक ताई, खानापूर*

ताई, सरळ उत्तर: दसऱ्याच्या सुट्टीत.

कारण सांगतो. आपल्याकडं शाळांना कर्नाटकाप्रमाणं मोठी सुट्टी दसऱ्याला असते, महाराष्ट्रात ती दिवाळीला. म्हणजे आपली पोरं मोकळी असतात तेव्हा पुण्या-मुंबईची पोरं वर्गात बसलेली असतात, लॉजवाले रेट कमी लावतात, किनारा रिकामा मिळतो. बॉर्डरवर राहायचे तोटे आपण रोजच मोजतोय, हा एक फायदा आहे तर घ्या की. समुद्र पण तोपर्यंत बऱ्यापैकी निवलेला असतो, घाटातले छोटे धबधबे अजून थोडे वाहत असतात आणि माशांच्या बोटी जोरात असतात. उकडतं थोडं, ऑक्टोबर आहे शेवटी.

नंतर डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. पण तेव्हा गर्दी.

मे महिन्याचं असं आहे की आकडा बघितला तर वाटतं काय एवढं, तेहतीस-चौतीस डिग्री तर आहे, बेळगावला पण तेवढं होतंच. पण बेळगाव अडीच हजार फुटावर, इथला घाम वाळतो. तिथं घाम अंगावरच राहतो. दुपारी समुद्राकडनं खारे वारे सुटले की जरा जीवात जीव येतो, आणि पहाटे मतलई वारे जमिनीकडनं समुद्राकडं, भूगोलात पाठ केलेलं तिथं अंगाला लागतं. मुलांना तिथंच शिकवा, जन्मात विसरणार नाहीत. फक्त मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात जाताना हवामानाची बातमी बघून जा, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानं ह्याच किनाऱ्याला झोडपलं होतं.

आता पाऊस. हा विषय मला फार आवडतो म्हणून जरा लांबण लावतो. वर्षाला बेळगावात साधारण बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, वेंगुर्ल्यात तीन हजाराच्या आसपास, आणि दोघांच्या मधल्या आंबोलीत सात हजाराच्या पुढं! एकाच रस्त्यावर. कारण समुद्रावरनं आलेला ढग सह्याद्रीच्या भिंतीला धडकतो, वर चढतो, वर गार पडतो आणि सगळं पाणी तिथंच रिकामं करतो, आणि मग जे काय उरलंसुरलं ते आपल्याकडं येतं. दुसरी गंमत म्हणजे बेळगावातनं आंबोलीला जाताना आपण घाट चढतोय असं वाटतं पण चढत नाही. आंबोली साधारण सातशे मीटरवर, बेळगाव त्याच्यापेक्षा थोडं उंचच. खरा उतार आंबोलीच्या पुढं, आणि तिथं थोड्या अंतरात सगळी उंची संपते. म्हणून येताना ज्यांना गाडी लागते त्यांना दाणोलीच्या आधीच पुढच्या सीटवर घ्या.

जून-जुलैत मुलांना समुद्रात उतरवू नका म्हणजे नकाच. बघायला जा, लाटा बघा, आंबोलीत भजी खा आणि परत या.

सासू-सासऱ्यांना घेऊन दोन दिवस जायचा विचार आहे. दोघांचे गुडघे दुखतात. देवदर्शन पण पाहिजे आणि मुलांना बीच पण. काय काय होईल?
*– एक वहिनी, संकेश्वर*

वहिनी, तुम्ही संकेश्वरच्या म्हणजे तुम्हाला बेळगावला यायची गरजच नाही, गडहिंग्लज, आजरा करत थेट आंबोलीला निघता. आणि तुमच्या गावातनं जी हिरण्यकेशी वाहते ती उगम पावते आंबोलीत. तिथं गुहेतनं पाणी येतं, समोर महादेवाचं देऊळ. सासूबाईंना सांगा आपल्या नदीचं माहेर आहे, गुडघे विसरतील. तिथल्या कुंडात एक नवीन जातीचा मासा सापडला आणि २०२० साली शास्त्रज्ञांनी त्याला नाव पण हिरण्यकेशीचंच दिलं, त्यामुळं आता ती जागा जैवविविधता वारसा म्हणून जपलीय. पाण्यात साबण, शाम्पू काही नको.

पहिल्या दिवशी एवढं आणि सावंतवाडीत मोती तलावाच्या काठावर चहा, लाकडी खेळणी, मग संध्याकाळी वेंगुर्ला. सूर्यास्त सागरेश्वरला बघा, उभादांड्याला. वाळूतच महादेवाचं देऊळ आहे, सुरूची झाडं आहेत, सासरे सावलीत बसतील आणि मुलं समोर खेळतील, दोघांवर एकदम नजर राहते. फक्त गाडी वाळूत घालू नका. आमच्या आतेभावानं नवीन गाडी "जरा पाण्याजवळ फोटोला" म्हणून घातली, चाकं रुतली, भरती यायला लागली आणि शेवटी रापणीवाल्यांनी (किनाऱ्यावरनं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांनी) दोर लावून ओढून काढली. त्या फोटोत फक्त त्याची बायको हसतेय.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला निघा. मोचेमाड वाटेत लागतं, टेकडीवरनं खाली खाडी आणि समुद्र एकदम दिसतो, गाडीतनं उतरायची पण गरज नाही. पुढं आरवलीचा वेतोबा. उंच उभी मूर्ती, आणि नवस फेडायला लोक केळ्यांचे घड आणि चामड्याची भलीमोठी पायताणं वाहतात. देव रात्री गावाची राखण करायला फिरतो म्हणून ती झिजतात असं तिथली माणसं सांगतात. मी झिजलेली बघितलीत, पुढचं तुम्ही ठरवा. मग शिरोडा. मिठागरं अजून आहेत, मे १९३० मध्ये इथं मिठाचा सत्याग्रह झाला होता आणि लोकांनी लाठ्या खाल्ल्या होत्या. याच शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत मास्तर होते. शेवटी रेडीचा गणपती, १९७६ साली खाणीत खणताना सापडलेला, दोन हातांचा. देवळाच्या मागंच समुद्र. एवढं करून संध्याकाळी परतीला लागा, रात्री घाटात धुकं असतंय.

मुलं मोठी असतील तर वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत (गोव्याची मांडवी वेगळी) बचत गटाच्या बायका होडीनं कांदळवन दाखवतात, ते चुकवू नका. वल्हवतात पण त्याच आणि माहिती पण त्याच सांगतात. वेंगुर्ला रॉक्सचं मात्र डोक्यातनं काढा. समुद्रात लांब खडक आहेत, तिथल्या गुहेत पाकोळ्या थुंकीनं घरटी बांधतात आणि ती घरटी सूपसाठी चोरून विकली जायची म्हणून पक्षीवाल्यांनी बरीच वर्षं राखण केली. पक्ष्यांना त्रास आणि आपल्याला उलट्या, काय करायचंय जाऊन?

काजू लावायचाय. वेंगुर्ला चार घेऊ की सात? नर्सरीवाला सात म्हणतोय.
*– शेतकरी, जांबोटी*

प्रवासाच्या कॉलममध्ये हा प्रश्न आला म्हणून मला बरं वाटलं, कारण आपल्या भागातल्या कितीतरी शेतकऱ्यांना वेंगुर्ला हे गाव नाहीच, ती काजूची जात आहे. तिथं फळ संशोधन केंद्र आहे, १९५७ पासूनचं, आता दापोलीच्या विद्यापीठाकडं. रत्ना आंबा पण तिथलाच, नीलम आणि हापूसचा संकर.

तर, सातची बी मोठी, साधारण दहा ग्रॅम, म्हणजे किलोला शंभरेक बिया. चारची पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. गर दोन्हीत साधारण तीस-एकतीस टक्के. मोठ्या बीला फॅक्टरीवाला भाव देतो म्हणून नर्सरीवाला सात म्हणतोय, आणि ते चूक नाही. पण तुमच्याकडं धुकं आणि ढगाळ हवा मोहोराच्या वेळी किती असते ते आधी शेजारच्या बागेत बघा, कारण ढेकण्या (मोहोराचा रस शोषणारा किडा) आला की तो जात विचारत नाही. मी असतो तर दोन्ही मिसळून लावलं असतं. आणि येताना एक दिवस काढून केंद्रावर जाऊनच या, झाडं उभी आहेत समोर.

वेंगुर्ल्याहून मासे आणले तर बेळगावपर्यंत टिकतात काय? मागच्या खेपेला घरच्यांनी गाडीतनं उतरवलं मला.
*– एक काका, वडगाव*

काका, मासे टिकतात, तुम्ही चुकीचे आणलात. एक तर जून-जुलै सोडून जा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, त्या काळात ताजा म्हणून जे देतात ते बर्फातलं जुनं असायची शक्यता जास्त. सकाळी बाजारात जा, बांगड्याचा डोळा फुगीर आणि चकचकीत पाहिजे, अंग दाबल्यावर खड्डा राहायला नको. तिथंच साफ करून घ्या, पोटातली घाण आधी वास मारते. मग थर्मोकोलचा बॉक्स, खाली फोडलेला बर्फ, वर मासे, परत बर्फ, जेवढा मासा तेवढा बर्फ. आणि खाली एक भोक पाडून खाली ट्रे ठेवा, कारण मासा बर्फानं खराब होत नाही, वितळलेल्या पाण्यात बुडून होतो. तुमचं तेच झालं असणार.

तारली मात्र आणू नका. तेलकट मासा, शिनोळीच्या आधीच सगळ्यांना कळतंय. ती तिथंच खायची, तिरफळं घालून, आणि वर सोलकढी.