शेत विकून नागपुरात प्लॉट घ्यावा का?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात पाच एकर कोरडवाहू शेत, तुमची नोकरी बुटीबोरीच्या एमआयडीसीत, मुलगी आठवीत, आई-बाबा गाव सोडायला तयार नाहीत. दोन एकर विकून, आणि भाव बरा आला तर पाचही विकून, बेसा किंवा हुडकेश्वरकडे दीड हजार फुटांचा प्लॉट घ्यायचा. दलाल सांगून राहिला की रविवारपर्यंत इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, द्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. आणि तुम्ही विचारता, वस्ती कशी आहे, शेत कोणाला विकावं, गावचं सामान-सुमान काढायचं तर कसं.

रविवारी इसार देऊ नका. दुसरं गिऱ्हाईक खरंच असेल तर त्याला घेऊ द्या. नागपूरच्या कडेनं प्लॉट संपलेले नाहीत आणि संपणारही नाहीत.

माझा सल्ला असा की शेत मक्त्यानं, म्हणजे ठरावीक रकमेवर दुसऱ्याला कसायला, द्या आणि तुम्हाला आवडलेल्या वस्तीत एक पावसाळा भाड्यानं राहून पाहा. घेणं-विकणं त्याच्यानंतर. लोक हसतात, म्हणतात भाड्यात पैसे कायले घालवता. पण पंचवीस-तीस लाखांचा सौदा डोळे झाकून करण्यापेक्षा वर्षभराचं भाडं स्वस्त पडतं. मुलांच्या शिक्षणापायी आम्हीही नागपुरात मानेवाड्याच्या बाजूला भाड्यानं राहिलो आणि शिक्षण आटोपल्यावर गावी परत आलो. नागपुरात घर न घेतल्याचं मला आजही काही वाटत नाही.

आता वस्तीबद्दल. एक गोष्ट तुम्ही पाहिली असेल. माणूस ज्या रस्त्यानं गावाहून नागपुरात शिरतो, त्याच कडेला घर शोधतो. अमरावतीकडचे वाडीत, उमरेडकडचे दिघोरीत, भंडाऱ्याकडचे पारडीत आणि आपण जामवरून येणारे चिंचभवन, मनीषनगर, बेसा या पट्ट्यात. यात चूक काही नाही. तुमची नोकरी बुटीबोरीला, म्हणजे दक्षिणेकडची बाजू तुमच्या सोयीचीच. फक्त यामुळे होतं काय, की त्या पट्ट्यात तुम्हाला जो भेटतो तो गाववाला, नात्यातला, ओळखीचा असतो, आणि त्याचं मत तुम्ही पारखून घेत नाही. ‘आपल्याच माणसानं सांगितलं’ म्हटलं की विषय मिटला.

ज्यानं त्या ले-आउटमध्ये प्लॉट घेऊन ठेवला आहे, तो त्या ले-आउटची निंदा कधीच करणार नाही. खोटं बोलतो असंही नाही. त्याचा पैसा तिथं अडकला आहे आणि तुम्ही आलात तर त्याच्या प्लॉटचा भाव वाढतो, रस्त्यासाठी मागणी करायला एक घर वाढतं. शेजारच्या ले-आउटवाला मात्र हमखास नावं ठेवेल. म्हणून घरमालकाला विचारूच नका, भाडेकऱ्याला विचारा. आणि शक्य असेल तर जो मागच्याच महिन्यात तिथून घर सोडून गेला त्याला गाठा. त्याला वस्ती चांगली ठरली काय, वाईट ठरली काय, काही फरक पडत नाही.

त्याच्याही पुढे जाऊन दुकानदारांना विचारा. पाण्याच्या कॅन पोहोचवणारा पोरगा त्या गल्लीत रोज किती कॅन टाकतो हे कळलं, की बोअरचं पाणी कसं आहे हे वेगळं विचारायची गरज नाही. मे महिन्यात टँकर येतो का, हे किराणावाला सांगतो, कारण टँकरवाल्याचा फोन नंबर त्याच्याच दुकानात लिहिलेला असतो. शहराला पेंच आणि कन्हानचं पाणी आहे हे खरं, पण ती लाइन तुमच्या दारापर्यंत आली आहे का हा प्रश्न निराळा. हुडकेश्वर-नरसाळा महापालिकेत गेलं, बेसा-पिपळ्याला वेगळी नगरपंचायत आहे. म्हणजे एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत दहा मिनिटांत पायी जाल, पण टॅक्स भरायचं ऑफिस बदललं, पाणी देणारा बदलला, कचऱ्याची गाडी बदलली. दलालाच्या तोंडी दोन्हीही ‘नागपूर’च. प्लॉट नेमका कोणाच्या हद्दीत हे आधी विचारा.

गडर लाइनचंही, म्हणजे सांडपाण्याच्या लाइनचंही, तसंच. रस्त्यावर झाकणं दिसली म्हणजे लाइन चालू आहे असं समजू नका. भाडेकऱ्याच्या बायकोला विचारा की टाकी उपसणारी गाडी बोलवावी लागते का आणि कितीदा. हा प्रश्न पुरुष विचारत नाहीत. आमच्या घरी हे सगळं माझ्या बायकोनं काढलं, आठवडी बाजारात भाजी घेता घेता. मी तोवर ले-आउटचा नकाशा घेऊन चौकात उभा होतो आणि मला काहीच कळलं नव्हतं.

एकदा जुलै-ऑगस्टात भर पावसात जाऊन या आणि एकदा रात्री नऊनंतर. रिंग रोड आणि रेल्वे लाइनच्या खालून जाणारे रस्ते पावसात तुंबतात, नरेंद्रनगरचा रेल्वेखालचा पूल तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. मुलीची शाळा आणि घर यांच्या मध्ये असा रस्ता येत असेल तर पावसाळ्यात तुमची रोज सकाळी धावपळ. आणि ‘मोठ्या लोकांची वस्ती’ म्हणजे पाणी शिरत नाही, हा भ्रम 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे गेला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी ले-आउटसारख्या जुन्या, महागड्या वस्त्यांतल्या घरांत शिरलं, गाड्या वाहून गेल्या. वस्तीचं नाव किती मोठं हे पाण्याला कळत नाही, उतार कळतो. तुम्ही शेतकरी आहात, उतार पाहायला तुम्हाला कोणी शिकवायला नको. प्लॉटवर उभं राहून नाला कुठं आहे ते पाहा. जुना नाला बुजवून वरून मुरूम टाकला असेल तर आजूबाजूच्या बाभळी आणि गवत पाहूनच तुमच्या लक्षात येईल.

एक कडू गोष्ट सांगतो. ‘ती वस्ती बरी नाही’ असं कोणी म्हटलं की ‘का?’ असं विचारा. पुष्कळदा उत्तर पाण्याचं, रस्त्याचं, चोरीचं नसतंच. तिथं कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे लोक राहतात एवढंच असतं. असं मत कचऱ्यात टाका. भाड्यानं घर पाहायला जाल तेव्हा तुमचंही आडनाव विचारतील, मटण खाता का हे विचारतील, तेव्हा ही खोड दुसऱ्या बाजूनं कशी लागते ते कळेलच.

आता कागद. नागपूरच्या भोवती प्लॉट ढोबळमानानं तीन प्रकारचे. पहिला, नागपूर सुधार प्रन्यास किंवा एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांनी मंजूर केलेल्या ले-आउटमधला. दुसरा, आधी मंजुरीशिवाय पडलेल्या ले-आउटमधला, जो पुढे गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाला किंवा व्हायचा आहे. हा कायदा 2001 चा, आणि 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या प्लॉटला तो लागू झाला. नागपुरात लोक 572 आणि 1900 ले-आउट म्हणतात ते हेच. यात नियमितीकरणाचं पत्र, म्हणजे ज्याला सगळे ‘आरएल’ म्हणतात, ते त्याच प्लॉट नंबरच्या नावानं हातात असेल तर ठीक. ‘डिमांड (नियमित करायचं शुल्क) भरली आहे, आरएल येऊन राहिलं’ असं म्हणाले तर ते आल्यावर भेटू म्हणा. तिसरा प्रकार म्हणजे कोणाच्या तरी शेतात चुना टाकून, सिमेंटचे खांब गाडून, गेटवर कुठल्या तरी ‘नगरी’चं नाव लिहून पाडलेले प्लॉट. भाव सगळ्यात कमी याचाच, आणि आपल्या भागातला माणूस फसतो तो इथंच, कारण शेताचा सातबारा दाखवला की आपल्याला वाटतं कागद पक्का आहे. सातबारा शेताचा आहे, प्लॉटचा नाही. त्याच्या फार तर काही आर तुमच्या नावानं चढतील, आणि जमिनीच्या तुकड्यांना 1947 च्या तुकडेबंदी कायद्याचं बंधन आडवं येऊ शकतं, म्हणून तेही चढेलच असं नाही.

तुम्हाला कर्ज नको असलं तरी राष्ट्रीयीकृत बँकेत जा आणि या प्लॉटवर घरासाठी कर्ज मिळेल का विचारा. बँकेचा वकील कागद तपासतो. बँक नाही म्हणाली की तुम्हीही नाही म्हणा. याशिवाय आपला एक वकील लावून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकी कोणाकोणाकडे होती याचा शोध, काढा. गृहनिर्माण संस्थांनी एकच प्लॉट दोघा-तिघांना विकल्याची प्रकरणं नागपुरात थोडी नाहीत. नवा ले-आउट असेल आणि जागा 500 चौरस मीटरच्या वर असेल तर महारेराचा (बिल्डर आणि ले-आउटवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक मागा आणि तो त्यांच्या साइटवर स्वतः टाकून पाहा. विकास आराखड्यात त्या जागेवर बाग, शाळा, रस्ता यांचं आरक्षण आहे का, हेही त्याच वेळी. इसार पुढे कधी दिलाच तर चेकनं द्या. जमीन-घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेता येत नाही, हे दलालालाही माहीत आहे. तरी तो रोख मागतो, यावरून काय ते ओळखा.

शेत विकण्याबद्दल. पाचही एकर विकायचा विचार डोक्यातून काढा. विदर्भाला 1958 चा वेगळा कूळकायदा लागू आहे आणि त्यात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. आज सगळं विकून तुम्ही शेतकरी राहिला नाहीत, तर उद्या परत एकर-अर्धा एकर घ्यायचा म्हटला तरी परवानगीच्या फेऱ्यात अडकाल. आई-बाबा गावात आहेत, त्यांच्या अंगणासमोरून रोज दुसऱ्याचा ट्रॅक्टर त्या शेतात जाताना पाहणं त्यांना कसं वाटेल, हे तुम्ही मला विचारलं नाही, मीही सांगत नाही.

दोन एकर विकायचेच झाले तर आधी बहिणींना विचारा. वडिलोपार्जित असेल तर 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हिस्सा मुलांइतकाच आहे, आणि ‘त्या काही म्हणणार नाहीत’ या भरवशावर केलेली खरेदी पुढे कोर्टात जाते. सातबारावर भोगवटादार वर्ग 2, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असं लिहिलं आहे का पाहा. आपल्या जिल्ह्यात भूदानाच्या जमिनीही आहेत, त्या सरळ विकता येत नाहीत. मग मोजणी करून घ्या. भूमी अभिलेखचा नंबर लागायला वेळ जातो, तो जाऊ द्या. मोजणी झालेलं शेत आणि न झालेलं शेत यांच्या भावात फरक पडतो, त्याहून जास्त फरक पडतो पांदण रस्त्यानं. पावसाळ्यात बैलगाडी आत जाते का, एवढ्यावर एकरी भाव वर-खाली होतो.

गिऱ्हाईक म्हणून आधी धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागलेल्या शेजाऱ्यालाच विचारा. त्याला तुमच्या शेताची माती, विहिरीला किती पाणी, डुकरं कुठून शिरतात, सगळं माहीत असतं, म्हणून तो घासाघीस जास्त करेल, पण नंतर तक्रार घेऊन येणार नाही. आणि शेत सलग झालं तर बाहेरच्यापेक्षा तो चार पैसे जास्तही देतो. बोलणी कापूस आणि तूर विकून झाल्यावर करा, म्हणजे फेब्रुवारी-मार्चात. पेरणीच्या तोंडावर गावात कोणाच्याच हातात पैसा नसतो, तेव्हा भाव पाडून मागतात. कराचंही सीएला विचारून ठेवा. शेत नगरपालिकेच्या हद्दीपासून ठरावीक अंतराच्या बाहेर असेल तर विक्रीच्या नफ्यावर भांडवली कर लागत नाही. त्या नगरपालिकेची लोकसंख्या दहा हजार ते एक लाख असेल तर दोन किलोमीटर, दहा लाखांपर्यंत सहा, त्याच्यावर आठ, आणि अंतर सरळ रेषेत मोजतात, रस्त्यानं नाही.

आणखी एक पर्याय तुम्ही धरलाच नाही, खुद्द बुटीबोरी. नोकरी तिथं, गाव जवळ. मुलीच्या शाळेपुरतंच नागपूर हवं असेल तर दहावीपर्यंत बुटीबोरीत राहून अकरावीला नागपूर, असंही होतं. शाळा पाहून ठरवा, पण नववी-दहावीच्या मध्येच शाळा बदलू नका.

राहिलं सामान. बैलजोडी विकायची तर मे महिन्यात काढा, पेरणीआधी चालत्या जोडीला गिऱ्हाईक मिळतं. म्हातारा बैल असेल तर 2015 मध्ये लागू झालेल्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर त्याला बाजार नाही, तो गावीच सांभाळावा लागेल. घरची तूरडाळ आणि गहू मात्र नागपुरात नेत जा. वस्तीत दोन-चार घरांना एकदा चव लागली की पुढच्या वर्षी तेच फोन करतात. पण पहिल्या वर्षी उधार देऊ नका, नव्या शेजाऱ्याला तर मुळीच नाही. कपाट, दिवाण, ड्रम नवे घ्यायची गरज नाही. भाडेकरू एप्रिल-मेमध्ये शाळा संपल्या की घरं सोडतात, तेव्हा अर्ध्या भावात मिळतात. कुलर तेवढा हिवाळ्यात घ्या, तेव्हा घरात जागा अडते म्हणून लोक देऊन टाकतात. घेताना खालच्या टाकीचा पत्रा बोटानं दाबून पाहा. रंग नवा आणि पत्रा कुजलेला, असे कुलर फार फिरतात.