पॅकेज जुनं आहे की बेवारस? डेबियनविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या बहुतेक प्रश्नांचा सूर एकच आहे: डेबियन या लिनक्स-प्रणालीतलं सॉफ्टवेअर जुनं आहे, आता काय करू? कुणाला ऑडिटवाल्यांनी घाबरवलं आहे, कुणी व्हिडिओ पाहून भलतंच करून बसलं आहे, कुणी पाच वर्षं कशालाच हात लावलेला नाही. डेबियन १९९३ पासून स्वयंसेवक चालवतात, मागे कुणी मालक कंपनी नाही. त्यामुळे ‘जुनं’ म्हटलं की लोकांना लगेच ‘वाऱ्यावर सोडलेलं’ असंच ऐकू येतं. या दोन्हींत फार अंतर आहे, आणि ते कळलं नाही की चुकीच्या ठिकाणी पैसे जातात आणि खऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष होतं. (आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत; टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरा.)

‘ॲप्ट अपडेट’ रोज चालवतो, तरी पॅकेजेस तीच राहतात. असं का? (विद्यार्थी, अमरावती)

‘ॲप्ट’ हे डेबियनचं पॅकेजेस, म्हणजे बसवायला तयार बांधलेलं सॉफ्टवेअर, सांभाळणारं साधन. त्यातलं ‘अपडेट’ फक्त यादी ताजी करतं. पॅकेजेस बदलण्यासाठी त्यानंतर ‘ॲप्ट अपग्रेड’ चालवा.

आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर डेबियन १२ वर आहे. बाहेरच्या एका संस्थेने स्कॅन करून अहवाल दिला की ओपनएसएसएच ९.२ कालबाह्य असून गंभीर धोका आहे, ९.८ बसवा. त्या कामाचं वेगळं कोटेशनही सोबत जोडलं आहे. काय करावं? (व्यवस्थापक, सांगली जिल्हा)

त्या कोटेशनवर अजून सही करू नका.

जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचमध्ये (सर्व्हरवर दुरून लॉगइन करण्याचं साधन) एक मोठं भोक सापडलं, सीव्हीई-२०२४-६३८७ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-दोषाला दिलेला जाहीर क्रमांक). पासवर्ड नसताना बाहेरच्या माणसाला रूटचे, म्हणजे सर्व्हरवरचे सर्वोच्च अधिकार मिळू शकतील, इतकं गंभीर. मूळ प्रकल्पाने ते ९.८ मध्ये बुजवलं. डेबियनने काय केलं? ९.८ अख्खी उचलून आणली नाही. तेवढाच पॅच (दुरुस्तीचा तुकडा) काढून आपल्या ९.२ ला लावला आणि पॅकेजच्या क्रमांकाला शेपूट जोडलं: ९.२पी१-२+डेब१२यू३. पुढचा आकडा तोच राहिला, भोक बुजलं. डेबियन स्टेबलमध्ये, म्हणजे प्रकाशित झालेल्या स्थिर आवृत्तीत, जवळजवळ सगळ्याच सुरक्षा-दुरुस्त्या अशाच येतात, कारण नवी आवृत्ती दुरुस्तीबरोबर नवी वागणूकही आणते आणि चालू सर्व्हरवर ती कुणालाच नको असते. फायरफॉक्स आणि क्रोमियम हे अपवाद. त्यांच्या दुरुस्त्या मागे नेणं इतकं अवघड आहे की तिथे नवी आवृत्तीच दिली जाते.

स्कॅनरने काय पाहिलं? ९.२ हा आकडा. तो ९.८ पेक्षा लहान दिसला की लाल शिक्का मारून मोकळे. डेबियनचा ओपनएसएसएच सर्व्हर जोडणी होतानाच आपलं शेपूटही सांगतो, म्हणजे वाचायची तयारी असेल तर उत्तर समोरच असतं. आणखी एक गोष्ट त्यांना जरूर विचारा: याच दोषापासून डेबियन ११ मधली ८.४ पूर्ण सुरक्षित होती, कारण हा दोष ८.५ मध्ये शिरला. ‘जितकं जुनं तितकं धोक्याचं’ हा त्यांचा नियम मग कुठे गेला? नुसता आकडा दाखवून भीती घालायची आणि त्याच पाकिटात बिल ठेवायचं, हा प्रकार मी वारंवार पाहतो आहे आणि मला त्याचा संताप येतो. छोट्या संस्थांकडे उलट प्रश्न विचारणारा माणूस नसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

आता तुमचं काम. ‘डीपीकेजी -एल ओपनएसएसएच-सर्व्हर’ चालवून पूर्ण क्रमांक पाहा. शेपटातला आकडा यू३ किंवा त्याहून मोठा असेल तर हा दोष बुजलेला आहे. लहान असेल तर अहवालाचा निष्कर्ष खरा आहे आणि आजच अपग्रेड करा. त्याला कोटेशन लागत नाही. बाकीच्या मुद्द्यांसाठी स्कॅन करणाऱ्या संस्थेकडून सीव्हीई क्रमांक लेखी मागा आणि एकेक क्रमांक डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरवर तपासा. कुठल्या आवृत्तीत दुरुस्ती आली ते तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. अहवाल मात्र फायलीत पुरून ठेवू नका, त्याला लेखी उत्तर द्या. आणि संचालक मंडळापुढे जाण्याआधी, ज्याला यात काही विकायचं नाही अशा एखाद्या सर्व्हर प्रशासकाला तुमची पडताळणी दाखवा.

गिम्प ३ (फोटो-संपादनाचं सॉफ्टवेअर) हवं होतं. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे डेबियन १२ च्या सोर्सेस यादीत (पॅकेजेस कुठून आणायची त्याची यादी) ‘टेस्टिंग’ची ओळ घातली. आता ॲप्ट म्हणतं शंभरावर पॅकेजेस काढावी लागतील. ‘वाय’ दाबू का? (छायाचित्रकार, पनवेल)

नाही. ‘एन’ दाबा, ती ओळ काढा, पुन्हा ‘ॲप्ट अपडेट’ करा.

टेस्टिंग म्हणजे पुढची, अजून घडत असलेली आवृत्ती. तिच्यातलं पॅकेज नव्या सी-लायब्ररीवर (जवळजवळ सगळ्या प्रोग्रॅम्सचा सामायिक पाया) बांधलेलं असतं. ते एक घ्यायला गेलात की लायब्ररी बदलते, आणि ती बदलली की तिच्यावर उभं असलेलं बाकीचं हलतं. परतीची वाट नाही: आवृत्ती खाली उतरवण्याची हमी डेबियन देत नाही. असे तीन संगणक माझ्याकडे आले होते. तिन्ही वेळा घरच्या फायली वाचवून सगळं नव्याने बसवावं लागलं. व्हिडिओ करणाऱ्याचा संगणक दुसऱ्या दिवशी सुरू झाला की नाही, हे व्हिडिओत दिसत नाही.

एखादंच नवं पॅकेज हवं असेल तर आधी बॅकपोर्ट्समध्ये शोधा. ती स्टेबलवर चालावीत म्हणून पुन्हा बांधलेली असतात. गिम्पसारख्या डेस्कटॉप ॲपला फ्लॅटपॅक (प्रणालीपासून वेगळं, आपल्या लायब्ररींसकट येणारं पॅकेज) चालेल. किंवा बॅकअप घेऊन डेबियन १३ वर या, त्यात गिम्प ३ आहेच. हे उत्तर पोचेपर्यंत ‘वाय’ दाबून झालं असेल तर आणखी प्रयोग करू नका. फोटो दुसऱ्या डिस्कवर काढा आणि संगणक जाणकाराला दाखवा.

‘पिप’ने (पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) काही बसवलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ अशी चूक येते. ‘ब्रेक सिस्टम पॅकेजेस’ हा पर्याय द्यावा का? (अभियंता, पुणे)

त्या पर्यायाचं नावच वाचा. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनसाठी वेगळा कप्पा) करा आणि त्यात हवं ते बसवा.

कॉलेजच्या लॅबमधला सर्व्हर डेबियन १० वर आहे. काहीच बिघडलेलं नाही. उगाच हात का लावायचा? (प्रयोगशाळा सहायक, कोल्हापूर)

कारण त्याला आता कुणीच हात लावत नाही. डेबियन १० जुलै २०१९ मध्ये आलं. प्रत्येक आवृत्तीला साधारण तीन वर्षं पूर्ण आणि पुढे दोन वर्षं दीर्घकालीन आधार मिळतो. १० ची ती मुदत ३० जून २०२४ ला संपली. वरच्या पतसंस्थेचं ९.२ जुनं दिसतं पण त्याची देखभाल चालू आहे. तुमच्याकडे उलट आहे: अपग्रेड केलं की ‘बदल शून्य’ येतं आणि तुम्ही ते चांगलं लक्षण समजता. पुढच्या सुट्टीत पाहू, ही सबब दोन सुट्ट्या जुनी झाली असावी.

११, मग १२, मग १३ असं पायरीपायरीने जा. पायरी गाळू नका, तो मार्ग अधिकृत नाही. ११ ची मुदतही ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंतच, म्हणून तिथे मुक्काम नको. वाटेत दोन ठिकाणी लोक हमखास पाय घसरतात. १० मध्ये सोर्सेस यादीतल्या सुरक्षेच्या ओळीत आवृत्तीच्या सांकेतिक नावापुढे तिरकी रेघ आणि ‘अपडेट्स’ होतं, ११ पासून ते नाव, आडवी रेघ, ‘सिक्युरिटी’ असं झालं. नुसतं नाव बदलणाऱ्याला सुरक्षा-दुरुस्त्या मिळतच नाहीत. दुसरं, १२ पासून वायफायसारखे फर्मवेअर (हार्डवेअरला लागणाऱ्या फायली) ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या वेगळ्या विभागात गेले. तो यादीत जोडला नाही तर फर्मवेअर जुन्याच आवृत्तीवर थांबतात. प्रत्येक टप्प्याच्या रिलीज नोट्स आधी वाचा, पूर्ण बॅकअप घ्या, आणि ज्यांनी सर्व्हर उभा केला त्यांच्याशी बोलल्याशिवाय सुरुवात करू नका.

घरचा ३२-बिट संगणक १२ वर आहे. १३ टाकू का? (निवृत्त शिक्षक, फोंडा)

नको. १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि इन्स्टॉलर नाहीत. १२ ची मुदत आहे तोवर त्यावरच राहा.

मी रोज वापरतो त्या पॅकेजची नवी आवृत्ती मूळ लेखकाने वर्षापूर्वीच काढली, डेबियनमध्ये मात्र जुनीच. मेंटेनरला (डेबियनमध्ये पॅकेज सांभाळणाऱ्याला) दोन कडक मेल लिहिले, उत्तर नाही. त्यांना कोण जाब विचारणार? (सॉफ्टवेअर अभियंता, बेंगळुरू)

जाब विचारण्याची भाषा आधी सोडा. समोरचा माणूस नोकरी सांभाळून, रात्री जागून हे पॅकेज बांधतो आणि त्याचे पैसे त्याला मिळत नाहीत. तुमचा प्रश्न मात्र खरा आहे आणि मला सगळ्यांत जास्त काळजी याचीच वाटते, म्हणून थोडं लांबून सांगतो.

पहिलं, कुठली जुनी? स्टेबलमधली जुनी असणारच. डेबियन १३ साठी गोठवण (नवे बदल टप्प्याटप्प्याने थांबवणं) १५ मार्च २०२५ ला सुरू झाली, १५ एप्रिलपासून ती आणखी कडक झाली आणि ९ ऑगस्टला प्रकाशन झालं. त्या दारातून जे आत गेलं तेच स्टेबलमध्ये राहणार. म्हणून ‘अनस्टेबल’मध्ये, जिथे नवी पॅकेजेस आधी येतात, काय आहे ते पाहा. तिथेही जुनीच असेल तरच पुढे बोलू. आणि बदल नाही म्हणजे दुर्लक्ष आहे असंही नाही. लोहित देवनागरी फाँट रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षं घडवला. आज त्यात क्वचितच बदल होतो, कारण अक्षरं नीट उमटतात.

दुसरं, घाई. २०२२ मध्ये ‘एक्सझेड’ या कॉम्प्रेशन साधनाचा एकटा, थकलेला लेखक लासे कॉलिन याच्यावर अनोळखी नावांनी असाच मारा झाला: नवी आवृत्ती कधी, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. मदतीला आलेल्या ‘जिया टॅन’ नावाच्या व्यक्तीकडे हळूहळू चाव्या गेल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० मध्ये आणि पाठोपाठ ५.६.१ मध्ये चोरदार बसवलेलं होतं. मार्चमध्ये डेबियनच्या बग यादीतही ‘५.६.१ घ्या’ अशी विनंती दाखल झाली आणि तिला दुजोरा द्यायला अनोळखी नावं पुढे आली. २९ मार्चला अँड्रेस फ्रॉइंड यांनी ते उघड केलं. डेबियन अनस्टेबलवर एसएसएच लॉगइनला अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्या धाग्यावरून ते तिथे पोचले होते. स्टेबलमध्ये ती आवृत्ती पोचलीच नव्हती. डेबियनने नंतर जे पॅकेज दिलं त्याचा क्रमांक होता ५.६.१+रिअली५.४.५: दिसायला नवा, आत जुना कोड. तुमच्या कडक मेलांमागे वाईट हेतू नाही हे मला कळतं. मेंटेनरला ते कळायला मार्ग नाही.

तिसरं, खरोखर बेवारस पॅकेज. मेंटेनर थकतो, आजारी पडतो, आयुष्यात दुसरीकडे जातो, आणि पॅकेज मागे राहतं. हे डेबियनचं खरं दुखणं आहे आणि वरवर पाहणाऱ्याला ते दिसत नाही, कारण पॅकेज बसतं आणि चालतंही. म्हणून पॅकेज ट्रॅकर उघडा. मेंटेनरच्या जागी ‘डेबियन क्यूए ग्रुप’ असेल किंवा ‘ऑर्फन्ड’ अशी नोंद असेल तर पॅकेजला वाली नाही. शेवटचा अपलोड कधीचा, गंभीर बग किती दिवस अनुत्तरित, तेही पाहा.

मेंटेनर असेल तर ‘रिपोर्टबग’ या साधनाने ‘विशलिस्ट’ (इच्छा) दर्जाची एक नोंद करा. आधी तशी नोंद आहे का बघा, दुसरी करू नका. नवी आवृत्ती तुमच्यासाठी काय सोडवते ते लिहा. जमलं तर स्वतः बांधून पाहिल्याचा निकाल जोडा. अशा नोंदीला उत्तर येण्याची शक्यता कडक मेलपेक्षा कितीतरी जास्त असते. दीर्घकाळ हालचालच नसेल तर ‘सॅल्व्हेज’ची रीत आहे: पॅकेज हाती घेण्याचा इरादा जाहीर करायचा, किमान २१ दिवस थांबायचं, हरकत आली नाही तर पुढे जायचं. तुम्ही अभियंता आहात. पॅकेज रोज वापरता. त्याची जबाबदारी स्वतः घेण्याचा विचार करा. अधिकृत डेव्हलपर नसलात तरी प्रायोजकामार्फत, म्हणजे तुमच्या वतीने अपलोड करणाऱ्या डेव्हलपरमार्फत, अपलोड होतो. पहिलं पाऊल टाकण्याआधी त्या भाषेच्या किंवा विषयाच्या डेबियन टीमशी बोला, म्हणजे दोघं एकच काम करत बसणार नाहीत.

१३ वर अपग्रेड झालं. जुनी राहिलेली पॅकेजेस कशी ओळखू? (लेखापाल, छत्रपती संभाजीनगर)

‘ॲप्ट लिस्ट ~ओ’ चालवा, ‘~ओ’ एकेरी अवतरणात. आता कुठल्याच रिपॉझिटरीत (पॅकेजेसच्या भांडारात) नसलेली पॅकेजेस दिसतील. त्यात हाताने उतरवलेला प्रिंटर ड्रायव्हर, हिशेबाचं सॉफ्टवेअर, विक्रेत्याने दिलेली ‘डेब’ फाइलही असते. सुरक्षा-दुरुस्ती यांनाच कुणाकडून येत नाही, म्हणून एकेकाचा माग काढा: कुणी बसवलं, आज लागतं का, नवं मिळतं का. सगळी एकदम काढू नका. तुम्ही लेखापाल आहात, मार्चअखेर जवळ असेल तर हिशेबाच्या पॅकेजला विक्रेत्याशी बोलल्याशिवाय स्पर्शही नको.

आपोआप अपडेट चालू ठेवावेत का? (दुकानदार, नाशिक)

हो, ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ बसवा. संगणक ते स्वतःहून रीस्टार्ट करत नाही, आणि नवा कर्नल रीस्टार्टशिवाय लागू होत नाही. दुकान बंद करताना आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा. बिलिंग त्याच संगणकावर असेल तर आधी बिलिंगवाल्याला विचारून वार ठरवा.