पहिल्यांदाच शुगर कुकीज सजवते आहे. फॉन्डंट घ्यावा की आयसिंग?

मुलीच्या वाढदिवसाला फुलपाखराच्या आकाराच्या 30 कुकीज करायच्या आहेत, वाढदिवस जुलैत आहे आणि सजावटीला हातात एकच संध्याकाळ आहे, असं तुम्ही लिहिलंय. तर पंखांवर फॉन्डंटचा (पोळीसारखा लाटता येतो तो साखरेचा मऊ गोळा) पातळ थर द्या आणि आयसिंग फक्त रेघा-ठिपक्यांपुरतं ठेवा.

मी ठाण्यात राहते. माझ्या पहिल्या कुकीजही ऐन पावसाळ्यातल्या होत्या. सगळ्यांवर रॉयल आयसिंगचा (साखर आणि अंड्याच्या पांढऱ्या भागाचं, वाळून कडक होणारं आयसिंग) जाड थर दिला आणि रात्रभर ओट्यावर ठेवल्या. सकाळी वरून कोरड्या दिसत होत्या, पण बोट लागताच वरची साय फाटली आणि आत सगळं ओलंच. असा भरलेला थर वाळायला एरवीही आठ-दहा तास लागतात, त्यात साखर हवेतला दमटपणा ओढून घेते. त्या दिवशी मला खरंच रडू आलं होतं. तुमच्यावर ती वेळ यायला नको.

आधी कुकी. वजनाने 100 ग्रॅम पिठीसाखर, 200 ग्रॅम लोणी, 300 ग्रॅम मैदा, थोडा व्हॅनिला. अंडं लागत नाही. बेकिंग पावडर घालू नका, कुकी फुगली की पंखांची कड हरवते. कापलेले आकार ट्रेसकट अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मगच भाजा. सजवण्याआधी पूर्ण गार होऊ द्या. कोमट कुकीवर आयसिंग वितळतं.

फॉन्डंट विकतचा घ्या, पण पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून. काहींत जिलेटिन असतं. मळून मऊ करा, ओट्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरवा आणि 2 मिलिमीटर जाडीचा लाटा. त्याहून जाड ठेवला तर नुसता गोड लगदा लागतो, मुलं तो सोलून बाजूला ठेवतात. कुकी ज्या साच्याने कापली त्यानेच हाही कापा. चिकटवायला कुकीवर ओलं बोट फिरवलं की पुरे, पाणी जास्त झालं तर तुकडा घसरतो. लाटायचा राहिलेला गोळा उघडा ठेवू नका, बघता बघता त्यावर पापुद्रा धरतो.

आता आयसिंग. 250 ग्रॅम आयसिंग शुगर, दीड मोठा चमचा मेरिंग पावडर, साधारण तीन मोठे चमचे पाणी. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचंही होतं, पण लहान मुलं खाणार आहेत, मी मेरिंग पावडरच घेईन. (ती अंड्याचीच असते. पाहुण्यांत कोणी अंडं खात नसेल तर बिनअंड्याची मागून घ्या.) घरी दळलेली साखर इथे नको, तिचा एखादा रवाळ कण कोनाच्या टोकात अडकतो आणि रेघ मध्येच तुटते. भांड्याला तेला-तुपाचा हात लागलेला नसावा, नाहीतर आयसिंग फुलत नाही. शेवटचं पाणी थेंबाथेंबाने घाला. चमचा उचलला की शेंडा उभा राहून टोक जरासं वाकलं पाहिजे. रेघांसाठी एवढंच घट्ट हवं. रंग जेलचा घ्या, पाण्यासारख्या रंगाने हा घट्टपणा बिघडतो.

नोझल नसलं तरी अडत नाही. मेंदीचा करतो तसा प्लॅस्टिकचा कोन वळा, अर्धाच भरा आणि टोक अगदी बारीक कापा. हातही मेंदीसारखाच चालतो. टोक टेकवून हलका दाब द्या, मग बोटभर वर उचला, आयसिंगचा धागा हवेत लोंबू द्या आणि रेघ जिथे संपवायची तिथे नेऊन अलगद टेकवा. टोक कुकीवर घासत नेलं की रेघ थरथरते. पहिल्या दहा-बारा रेघा ताटलीवर काढा. बाराव्या रेघेपर्यंत हात बसलेला असतो. गडद लाल किंवा काळा रंग पांढऱ्याशेजारी द्यायचा असेल तर आधीचा वाळू द्या, नाहीतर रंग पाझरतो.

झालेल्या कुकीज एकावर एक न ठेवता पंख्याखाली रात्रभर राहू द्या. फ्रिजमध्ये मात्र अजिबात नको, बाहेर काढल्यावर पाणी सुटून फॉन्डंट चिकट होतो. सकाळी बटर पेपरचे थर घालून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.